प्रकाश (ख्रिस्ती प्रतीक)

प्रकाश हे ख्रिस्ती धर्मातील एक प्रमुख प्रतीक आहे. देवाचे स्वरूप, येशू ख्रिस्ताचे कार्य, श्रद्धावंताचे आचरण आणि मंडळीचे सेवाकार्य या चारही गोष्टी स्पष्ट करण्यासाठी बायबलमध्ये व नंतरच्या ख्रिस्ती परंपरेत या प्रतीकाचा उपयोग केलेला आढळतो. देव हा प्रकाशाचा मूळ स्रोत, ख्रिस्त हा त्या प्रकाशाचे मानवी रूप आणि श्रद्धावंत हे त्याच्यापासून पेटलेले दिवे, असा या प्रतीकाचा सर्वसाधारण क्रम आहे. मनुष्याकडे असलेला प्रकाश त्याचा स्वतःचा नसून मिळालेला आहे, ही कल्पना या क्रमाच्या केंद्रस्थानी आहे. बाप्तिस्म्याची मेणबत्ती, पुनरुत्थान सणाचा नवा अग्नी, गिरिजाघरांतील रंगीत काचांच्या खिडक्या अशा अनेक रूपांत हे प्रतीक प्रत्यक्ष उपासनेत दिसते. त्याचबरोबर ‘प्रकाश विरुद्ध अंधार’ या मांडणीचा इतर धर्मीयांना, वसाहतींतील लोकांना आणि दृष्टिहीन व्यक्तींना कमी लेखण्यासाठीही वापर झाला असून त्यावर ख्रिस्ती ईश्वरविज्ञानातच टीका झालेली आहे.

बायबलमधील प्रकाश

जुना करार

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाची पहिली निर्मिती प्रकाश ही आहे. प्रकाश पहिल्या दिवशी आणि सूर्य, चंद्र व तारे चौथ्या दिवशी निर्माण होतात. प्राचीन पश्चिम आशियात सूर्य व चंद्र यांची देवता म्हणून पूजा होत असे. त्या पार्श्वभूमीवर प्रकाशाला सूर्यापासून वेगळे करून थेट देवाच्या शब्दाशी जोडणे अर्थपूर्ण मानले जाते.

निर्गमाच्या कथेत प्रकाश वाटाड्याचे काम करतो. मिसर देशातून बाहेर पडलेल्या इस्राएली लोकांपुढे दिवसा मेघस्तंभ व रात्री अग्निस्तंभ चालतो. सिनाय पर्वतावरून उतरलेल्या मोशेचा चेहरा तेजस्वी झालेला असतो, पण ते तेज त्याचे स्वतःचे नसते. देवाशी झालेल्या संभाषणामुळे ते त्याच्यावर आलेले असते. उपासनेच्या मंडपात सात शाखांचा सोन्याचा दीपवृक्ष ठेवावा आणि त्यासाठी जैतुनाचे शुद्ध तेल आणावे, असे निर्देशही याच ग्रंथात आहेत.

स्तोत्रसंहितेत परमेश्वराला प्रकाश (स्तोत्र २७) आणि त्याच्या वचनाला पावलांपुढचा दिवा (स्तोत्र ११९) म्हटले आहे. येथे सगळा मार्ग एकदम उजळत नाही. पुढचे पाऊल टाकण्यापुरता उजेड मिळतो. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात प्रतीकाचा विस्तार होतो. अंधारात चालणाऱ्या लोकांना मोठा प्रकाश दिसतो (यशया ९), आणि देवाचा सेवक सर्व राष्ट्रांसाठी प्रकाश ठरतो (यशया ४२ व ४९). हा प्रकाश एका समाजापुरता मर्यादित राहत नाही, या विचारावर पुढे ख्रिस्ती सेवाकार्याची उभारणी झाली. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात भुकेल्याला अन्न व बेघराला आसरा दिल्यावर मनुष्याचा प्रकाश पहाटेसारखा फुटतो, असे सांगितले आहे. त्यामुळे प्रकाश आणि सामाजिक न्याय यांचा संबंध जुन्या करारातच जोडला गेलेला दिसतो.

नवा करार

लूकच्या शुभवर्तमानात मंदिरातील वृद्ध शिमोन बाळ येशूला हातांत घेऊन त्याला परराष्ट्रीयांसाठीचा प्रकाश म्हणतो. मत्तय येशूच्या गालीलातील कार्याचा आरंभ यशयाच्या नवव्या अध्यायाच्या आधारे सांगतो. या प्रतीकाची सर्वांत विस्तृत मांडणी मात्र योहानाच्या शुभवर्तमानात आहे. त्याच्या प्रस्तावनेत शब्द, जीवन आणि प्रकाश ही एकाच सत्याची नावे आहेत. बाप्तिस्मा करणारा योहान स्वतः प्रकाश नव्हता, तो प्रकाशाविषयी साक्ष देण्यासाठी आला होता, असा खुलासा तेथे मुद्दाम केला आहे. पुढे त्याला जळणारा दिवा म्हटले आहे. आपण स्रोत नसून साक्षीदार आहोत, या ख्रिस्ती सेवकाच्या आत्मभानाचा आधार म्हणून हा खुलासा पुढे वारंवार वापरला गेला.

येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणतो (योहान ८:१२), तो प्रसंग यरुशलेमेतील मांडवांच्या सणाशी जोडला जातो. या सणात मंदिराच्या स्त्रियांच्या अंगणात मोठे दीपस्तंभ पेटवले जात, असे वर्णन यहुदी परंपरेच्या मिश्ना या ग्रंथात आहे. त्यानंतरच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्याची कथा येते. हे अंधत्व कोणाच्या पापाचे फळ, असे शिष्य विचारतात. त्याचेही नाही आणि त्याच्या आईबापांचेही नाही, असे उत्तर येशू देतो. दृष्टी मिळालेल्या या मनुष्याची धार्मिक अधिकारी उलटतपासणी घेतात व शेवटी त्याला बाहेर काढतात. कथेच्या शेवटी आपल्याला दिसते असा ठाम दावा करणारेच आंधळे ठरतात. याच शुभवर्तमानात यहूदा इस्कर्योत शेवटच्या भोजनातून उठून बाहेर जातो तेव्हा रात्र असल्याची छोटीशी नोंद आहे.

डोंगरावरील प्रवचनात हेच विशेषण शिष्यांना लावले आहे. शिष्य जगाचा प्रकाश आहेत, डोंगरावरचे नगर लपत नाही आणि दिवा लावून कोणी तो मापाखाली ठेवत नाही, असा हा दृष्टांत आहे (मत्तय ५:१४–१६). हा प्रकाश सत्कृत्यांतून दिसावा आणि ती पाहून लोकांनी कर्त्याचा नव्हे तर देवाचा गौरव करावा, असे त्याचे तात्पर्य आहे. दहा कुमारींच्या दृष्टांतात दिवा जळता ठेवण्यासाठी लागणाऱ्या पूर्वतयारीवर भर आहे.

पौलाच्या जीवनात प्रकाशाचा अनुभव सुखद नाही. दिमिष्काच्या वाटेवर आकाशातील प्रकाशाने त्याची दृष्टी जाते आणि तीन दिवस त्याला काहीच दिसत नाही. नंतरच्या पत्रांत तो या प्रकाशाची तुलना मातीच्या भांड्यांत ठेवलेल्या धनाशी करतो (करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ४). सैतानही प्रकाशाच्या दूताचे रूप घेतो, असा इशाराही त्याच पत्रात आहे. प्रकटीकरणात आशियातील सात मंडळ्या सात दीपवृक्षांच्या रूपात दिसतात व शेवटच्या दर्शनातील नगरीला सूर्याची किंवा चंद्राची गरज उरत नाही.

ईश्वरविज्ञानातील विकास

दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर याने बाप्तिस्म्याला ‘प्रकाशन’ अशा अर्थाची ग्रीक संज्ञा वापरली आहे. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना ‘प्रकाशित’ म्हणण्याची पद्धत पूर्वेकडील मंडळ्यांत पुढे रूढ झाली.

चौथ्या शतकात ख्रिस्ताच्या देवत्वाविषयीच्या वादात हे प्रतीक निर्णायक ठरले. एरियसच्या मते पुत्र हा देवाने निर्माण केलेला होता. त्याविरुद्ध इ.स. ३२५ च्या निकीया परिषदेने पुत्राचे पित्याशी असलेले नाते प्रकाशातून निघालेल्या प्रकाशासारखे आहे, असे विश्वासांगीकारात नमूद केले. सूर्य आणि त्याचे तेज यांचे स्वरूप एकच असते व तेजाशिवाय सूर्य कधीच नसतो, हे उदाहरण अथनेशियसने या मताच्या समर्थनार्थ वापरले.

पश्चिमेकडे ऑगस्टीन (इ.स. ३५४–४३०) याने मानवी बुद्धीला सत्य दिसते ते देवाच्या आंतरिक प्रकाशामुळे, असे मत मांडले. आद्य मंडळीच्या आचार्यांनी मंडळीला चंद्राची उपमाही दिली. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही, तो सूर्याचा प्रकाश परावर्तित करतो, आणि त्याच्या कलाही कमीजास्त होतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी प्रसिद्ध केलेल्या मंडळीविषयक संविधानाचे ‘लुमेन जेन्शियम’ हे लॅटिन नाव ‘राष्ट्रांचा प्रकाश’ अशा अर्थाचे आहे. त्यात हे विशेषण मंडळीला नव्हे तर ख्रिस्ताला दिलेले आहे.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत येशूच्या रूपांतराच्या वेळी शिष्यांना दिसलेल्या प्रकाशाला विशेष महत्त्व आहे. अथोस पर्वतावरील मठवासी ध्यानात ज्या प्रकाशाचा अनुभव घेत, तो निर्मित वस्तू नसून देवाचीच अनिर्मित शक्ती आहे, असे ग्रेगरी पालामास (मृत्यू इ.स. १३५९) याने प्रतिपादन केले. इ.स. १३४१ व १३५१ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील परिषदांनी त्याची बाजू मान्य केली.

धर्मसुधारणेच्या काळात जिनिव्हा शहराने अंधारानंतर प्रकाश येतो, या अर्थाचे लॅटिन ब्रीद स्वीकारले. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स (इ.स. १६२४–१६९१) याच्या प्रेरणेने उदयास आलेल्या क्वेकर पंथाने प्रत्येक मनुष्याच्या अंतरात ख्रिस्ताचा प्रकाश असतो, ही शिकवण दिली. या शिकवणीचे सामाजिक परिणाम दूरगामी ठरले. प्रत्येकात तो प्रकाश असेल तर कोणालाही गुलाम करता येत नाही, या भूमिकेकडे क्वेकर हळूहळू वळले. इ.स. १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथे गुलामगिरीविरुद्ध काढलेल्या निवेदनावर सही करणारे याच पंथाशी संबंधित होते, आणि पुढील शतकातील गुलामगिरीविरोधी चळवळीत क्वेकर अग्रभागी होते.

अंधाराचा दुसरा अर्थ

ख्रिस्ती परंपरेत अंधार सर्वत्र पापाचे किंवा अज्ञानाचे चिन्ह नाही. सिनाय पर्वतावर मोशे दाट अंधारात शिरतो आणि देव तेथेच असतो (निर्गम २०:२१). चौथ्या शतकातील निस्साचा ग्रेगरी याने मोशेच्या चरित्रावर लिहिताना आध्यात्मिक प्रवासाचा क्रम प्रकाश, मेघ आणि अंधार असा लावला. देवाच्या जवळ जाताना त्याला पूर्णपणे जाणता येत नाही, हे कळणे म्हणजे हा अंधार होय. सोळाव्या शतकातील स्पॅनिश कवी व संत क्रूसाचा योहान (इ.स. १५४२–१५९१) याने आत्म्याच्या अंधाऱ्या रात्रीची संकल्पना मांडली. प्रार्थनेतील सांत्वन नाहीसे होणे म्हणजे देवाने सोडून देणे नव्हे, तर शुद्धीकरण होय, असे त्याचे म्हणणे होते.

आधुनिक काळात मदर तेरेसा (इ.स. १९१०–१९९७) यांच्या संदर्भात या संकल्पनेची पुन्हा चर्चा झाली. त्यांचा खासगी पत्रव्यवहार २००७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. अत्यंत गरिबांच्या अंधाऱ्या वस्त्यांत जाऊन माझा प्रकाश हो, असे ख्रिस्ताने आपल्याला सांगितल्याची त्यांची धारणा होती. प्रत्यक्षात कोलकात्यातील सेवेला आरंभ झाल्यानंतर अनेक दशके त्यांना देवाच्या सान्निध्याचा अनुभव येत नव्हता, हे या पत्रांतून उघड झाले. काहींना ही श्रद्धेतील पोकळी वाटली. कॅथलिक भाष्यकारांनी मात्र इतरांसाठी दिवा होणाऱ्या व्यक्तीला स्वतःला तो उजेड जाणवेलच असे नाही, असा तिचा अर्थ लावला.

उपासना आणि सण

आरंभीच्या मंडळ्यांत सायंकाळी दिवा लावताना प्रार्थना करण्याची पद्धत होती. या वेळी म्हटले जाणारे ‘फॉस हिलारोन’ हे ग्रीक गीत आपल्या काळातही जुने मानले जात होते, असे कैसरियाचा बॅसिल (मृत्यू इ.स. ३७९) याने लिहिले आहे. ते ऑर्थोडॉक्स सायंप्रार्थनेत आजही गायले जाते. चौथ्या शतकाच्या अखेरीस यरुशलेमला गेलेल्या इजीरिया या यात्रेकरू स्त्रीने तेथील सायंकाळच्या दीपविधीचे वर्णन केले आहे. त्यासाठीचा अग्नी बाहेरून न आणता ख्रिस्ताच्या कबरीच्या गुहेत अखंड जळणाऱ्या दिव्यावरून घेतला जात असे.

पाश्चात्त्य मंडळीत पुनरुत्थान सणाच्या आदल्या रात्रीचा विधी हा प्रकाशाच्या प्रतीकाचा परमोच्च बिंदू आहे. गिरिजाघराबाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची मेणबत्ती लावतात आणि ती अंधाऱ्या गिरिजाघरात मिरवत नेतात. मेणबत्तीवर क्रूस, ग्रीक वर्णमालेतील पहिले व शेवटचे अक्षर आणि चालू वर्षाचे अंक कोरलेले असतात. ख्रिस्ताच्या पाच जखमांची खूण म्हणून तिच्यात धूपाचे पाच दाणे बसवतात. उपस्थितांच्या मेणबत्त्या तिच्यावरून एकापासून एक अशा पेटत जातात. वर्षभर बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची मेणबत्ती याच मोठ्या मेणबत्तीवर लावली जाते, आणि अंत्यविधीत शवपेटीजवळ तीच जळत असते. मध्ययुगापासून हा विधी शनिवारी सकाळी होऊ लागल्याने त्यातील अंधाराचा अर्थ हरवला होता. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये तो पुन्हा रात्री करण्यास अनुमती दिली.

२५ डिसेंबर या नाताळाच्या तारखेचा रोमन सूर्योत्सवाशी संबंध आहे काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. २ फेब्रुवारीला बाळ येशूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणात वर्षभराच्या मेणबत्त्या आशीर्वादित करतात. नाताळापूर्वीच्या आगमनकाळात वापरल्या जाणाऱ्या मेणबत्त्यांच्या चक्राचे मूळ एका सेवाकार्यात आहे. हॅम्बुर्ग येथे गरीब मुलांसाठी आश्रम चालवणारे लूथरन पाळक योहान हिनरिख विखर्न यांनी १८३९ मध्ये, नाताळ कधी येणार असे सतत विचारणाऱ्या मुलांसाठी, लाकडी चाकावर मेणबत्त्या बसवून रोज एक पेटवण्यास आरंभ केला.

वास्तुकला आणि चित्रकला

कॉन्स्टँटिनोपल येथे इ.स. ५३७ मध्ये पूर्ण झालेल्या हागिया सोफियाच्या घुमटाच्या पायथ्याशी ४० खिडक्या आहेत. त्यांतून येणाऱ्या उजेडामुळे घुमट अधांतरी तरंगत असल्याचा भास होतो. पॅरिसजवळील सेंट डेनिस मठाचा प्रमुख सुजेर याने बांधलेला व इ.स. ११४४ मध्ये समर्पित झालेला गर्भगृहाचा भाग गॉथिक शैलीचा आरंभ मानला जातो. भिंतींचा भार कमी करून त्यांच्या जागी रंगीत काचा बसवणे शक्य झाल्याने, भौतिक प्रकाशातून मन दैवी प्रकाशाकडे जावे हा सुजेरचा हेतू साध्य झाला. जपानमधील इबाराकी येथे तादाओ आंदो यांनी उभारलेल्या ‘प्रकाशाचे चर्च’ (१९८९) या वास्तूत काँक्रीटच्या भिंतीला क्रूसाच्या आकाराची फट ठेवली आहे. तेथे क्रूस हा केवळ बाहेरून येणाऱ्या उजेडाचा बनतो. विल्यम होल्मन हंट यांच्या ‘जगाचा प्रकाश’ या अर्थाच्या नावाच्या चित्रात (१८५१–१८५३) कंदील घेतलेला ख्रिस्त गवताने वेढलेले दार ठोठावतो. त्या दाराला बाहेरून कडी नाही. ते आतूनच उघडावे लागते.

महाराष्ट्र आणि गोवा

मराठी भाषेत हे प्रतीक येथील संतपरंपरेच्या शब्दसंपदेतून व्यक्त झाले. ज्ञानेश्वरीचे मूळ नाव ‘भावार्थदीपिका’ आहे आणि पसायदानात पापाचा अंधार नाहीसा व्हावा अशी प्रार्थना आहे. त्यामुळे दीप, ज्योती, तेज, तिमिर हे शब्द मराठी ख्रिस्ती लेखकांना आयते उपलब्ध होते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) ओवी छंदात आहे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीही ख्रिस्तभक्तीसाठी अभंग हा प्रकार स्वीकारला.

अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर येथे १८४२ मध्ये सुरू केलेल्या नियतकालिकाचे ‘ज्ञानोदय’ हे नाव याच प्रतीकावर आधारलेले आहे. मात्र ज्ञान म्हणजे उजेड ही कल्पना त्या काळात केवळ मिशनऱ्यांची नव्हती. त्याच्या आदल्याच वर्षी भाऊ महाजन यांनी मुंबईत सुरू केलेल्या पत्राचे नाव ‘प्रभाकर’ होते, आणि हिंदू धर्मावरील मिशनरी टीकेला मराठी वृत्तपत्रांतून उत्तरेही दिली जात.

दृष्टिहीनांच्या शिक्षणात या प्रतीकाला प्रत्यक्ष कार्याचे रूप मिळाले. १९०० च्या सुमारास, दुष्काळाच्या काळात, मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्येही अंध स्त्रिया व मुली शिकत असत. या संस्थांत वाचन आणि हस्तव्यवसाय शिकवले जात. अंधाला दृष्टी मिळण्याच्या शुभवर्तमानातील कथेचा अर्थ येथे चमत्कारात न शोधता स्वावलंबनात शोधला गेला.

लोकजीवनात गोवा, वसई आणि मुंबईतील ख्रिस्ती घरांवर नाताळात ताऱ्याच्या आकाराचे कंदील लावले जातात. बेथलेहेमच्या ताऱ्याची आठवण देणारे हे कंदील दिवाळीच्या आकाशकंदिलाशी साम्य दाखवतात. २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी कबरींवर मेणबत्त्या लावल्या जातात. वांद्र्याच्या माउंट मेरी येथे सप्टेंबरातील जत्रेत मेणबत्त्यांबरोबर नवसाच्या मेणाच्या प्रतिकृतीही वाहिल्या जातात. त्यात इतर धर्मीयांचाही सहभाग असतो.

टीका आणि पुनर्विचार

या प्रतीकावरील टीका प्रामुख्याने तीन मुद्द्यांवर आहे. पहिला मुद्दा यहुदी धर्माविषयीचा आहे. मध्ययुगीन युरोपात सभास्थान, म्हणजे यहुदी समाज, डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या स्त्रीच्या रूपात दाखवले जाई. स्ट्रासबर्ग कॅथेड्रलवरील तेराव्या शतकातील शिल्प याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ मधील घोषणापत्राने यहुद्यांना शापित म्हणून दाखवण्याची वृत्ती नाकारली. इतर धर्मांच्या शिकवणीतही अनेकदा सर्व मानवांना उजळणाऱ्या सत्याचा किरण दिसतो, असेही त्यात मान्य केले.

दुसरा मुद्दा वसाहतवादाचा आहे. एकोणिसाव्या शतकातील मिशनरी साहित्यात आशिया व आफ्रिकेतील समाजांचे अंधारात बुडालेले म्हणून सरसकट वर्णन होई. त्यामुळे श्रद्धेचा संदेश आणि युरोपीय सत्तेचे समर्थन यांतील सीमारेषा पुसट झाली, आणि अंधाराचा संबंध त्वचेच्या रंगाशीही जोडला गेला. प्रकाश हा सांगणाऱ्याच्या मालकीचा आहे असे मानल्यामुळे ही चूक घडते, असे टीकाकार म्हणतात. योहानाच्या प्रस्तावनेतील साक्षीदाराची भूमिका यावर उतारा म्हणून मांडली जाते.

तिसरा मुद्दा अंधत्वाला अज्ञानाचे किंवा पापाचे रूपक बनवण्याचा आहे. मध्यम वयात दृष्टी गमावलेले ब्रिटनमधील धर्मशिक्षणतज्ज्ञ जॉन हल (१९३५–२०१५) यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात दृष्टिहीन वाचकाच्या भूमिकेतून बायबलशी संवाद साधला. बायबल हे डोळस लोकांनी लिहिलेले असून त्यातील प्रतिमा दृष्टिहीनांना अनेकदा बाहेर ठेवतात, असे त्यांचे निरीक्षण होते. मात्र अंधार आणि प्रकाश देवाला सारखेच आहेत, असे सांगणारे एकशे एकोणचाळिसावे स्तोत्र त्यांना जवळचे वाटले. या वाचनामुळे प्रकाशाचे प्रतीक रद्द होत नाही, परंतु कोणत्या माणसाला त्याच्या कक्षेबाहेर ठेवले जाते हा प्रश्न त्याच्या प्रत्येक वापराला विचारावा लागतो, अशी भूमिका आज अनेक ख्रिस्ती ईश्वरविज्ञांनी घेतली आहे.